५० रुपयांची फरशी १४० रुपयांना कशी पडते? घराचं काम काढण्याआधी करावा असा हिशेब

केज : केज तालुक्यात घराचं काम काढलं की खर्चाचा अंदाज बहुधा तीन गोष्टींचा होतो. पाया, भिंती आणि स्लॅब. फरशीचा विषय निघाला की "ते नंतर बघू" असं म्हणून पुढं ढकलला जातो. स्लॅब पडतो, प्लास्टर होतं, दारं-खिडक्या लागतात आणि फरशीची पाळी येते तेव्हा हातातला पैसा संपलेला असतो. मग तीनपैकी एक होतं. वर्षानुवर्षं घर कच्च्या जमिनीवरच राहतं, नाहीतर मिळेल ती स्वस्त फरशी घाईत बसवली जाते, नाहीतर खासगी व्याजाने पैसे उचलले जातात. घरात लग्न ठरलेलं असेल तर तिसरा मार्ग हमखास धरला जातो.

याचं मूळ एका साध्या गैरसमजात आहे. दुकानात फरशीवर लिहिलेला चौरस फुटाचा दर हाच फरशीचा खर्च असं लोक धरून चालतात. ४०० चौरस फुटांचं घर, ५० रुपयांची फरशी, म्हणजे २० हजारांत काम झालं, असा तोंडी हिशेब होतो. प्रत्यक्षात तेच काम पन्नास हजारांच्या पुढं जातं. हे पैसे कुणी लुबाडत नाही. ते फरशीच्या खाली, कडेला आणि वाहतुकीत जातात. ते आधी कागदावर आले तर घर अडत नाही.

आधी माप, मग दुकान

उदाहरणासाठी तीन खोल्यांचं साधं घर धरू. हॉल १२ बाय १५ फूट म्हणजे १८० चौरस फूट. बेडरूम १० बाय १२ म्हणजे १२०. स्वयंपाकघर १० बाय १० म्हणजे १००. एकूण ४०० चौरस फूट. बाथरूम आणि पडवी यात धरलेली नाही.

पण फरशी फक्त जमिनीला लागत नाही. भिंतीच्या बुडाशी चार इंचांची पट्टी म्हणजे स्कर्टिंग लागते. तिन्ही खोल्यांच्या चारी भिंतींची लांबी मिळून १३८ फूट भरते. दरवाजांची जागा वजा केली तर साधारण १२३ फूट उरते. चार इंच रुंदीने हे ४१ चौरस फूट झाले. म्हणजे ४०० चे ४४१ झाले.

यापुढं कटाई. भिंत फरशीच्या मापात बसत नाही, कडेला तुकडे पडतात, एखादी वाहतुकीत फुटते. सरळ चौकोनी खोलीला साधारण आठ टक्के नासधूस धरावी. फरशी तिरकी बसवायची असेल किंवा खोलीला कोपरे जास्त असतील तर बारा टक्क्यांपर्यंत. आठ टक्क्यांनी ४४१ चे ४७६ होतात.

आता पेटीचं गणित. दोन बाय दोन म्हणून मिळणारी फरशी खरी ६०० मिलिमीटरची असते. दोन फूट म्हणजे जवळपास ६१० मिलिमीटर. म्हणून चार फरश्यांची पेटी १६ चौरस फूट भरत नाही, साडेपंधरा भरते. पेटीवर १.४४ चौरस मीटर असं छापलेलं असतं, तेच खरं माप. दुकानदार बोलताना १६ म्हणाला तरी हिशेब साडेपंधराने करावा. ४७६ चौरस फुटांना ३१ पेट्या लागतात. त्यावर एक पेटी घरात ठेवायला, म्हणजे ३२ पेट्या, ४९६ चौरस फूट.

ही एक जास्तीची पेटी चैन नव्हे. पाच वर्षांनी नळाची लाईन फुटली आणि चार फरश्या काढाव्या लागल्या, तर त्याच डिझाइनची, त्याच छटेची फरशी बाजारात मिळत नाही. तेव्हा पूर्ण खोली बदलण्यापेक्षा माळ्यावर ठेवलेली पेटी स्वस्त पडते.

फरशीखालचा खर्च

नेहमीच्या पद्धतीत फरशी सिमेंट-वाळूच्या मालावर बसते. माल सरासरी दोन इंच जाडीचा धरला तर ४०० चौरस फुटांना एकास सहा प्रमाणात साधारण १० पोती सिमेंट आणि पाऊण ब्रास वाळू लागते. फरशीच्या पाठीला लावायच्या सिमेंटच्या घोळासाठी आणखी दोन पोती. म्हणजे १२ पोती. जमीन वर-खाली असेल तर मालाची जाडी काही ठिकाणी तीन इंचांवर जाते आणि सिमेंट-वाळू त्याच हिशेबाने वाढते. म्हणून काम सुरू होण्याआधी मिस्त्रीकडून पाण्याच्या नळीने लेव्हल तपासून घ्यावी. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्यावर तीन-चार पोत्यांचा फरक पडतो.

खालच्या हिशेबातले दर फक्त गणित समजण्यासाठी धरलेले आहेत. केज, अंबाजोगाई, बीड, लातूर इथले चालू दर विचारून ज्याने त्याने आपले आकडे टाकावेत.

- फरशी : ४९६ चौरस फूट, ५० रुपये दराने – २४,८०० रुपये
- सिमेंट : १२ पोती, ३५० रुपयांप्रमाणे – ४,२०० रुपये
- वाळू किंवा क्रश सँड : एक ब्रास – ४,००० रुपये
- बसवण्याची मजुरी : ४०० चौरस फूट, २० रुपये दराने – ८,००० रुपये
- स्कर्टिंगची मजुरी : १२३ फूट, १५ रुपये दराने – १,८४५ रुपये
- गाडीभाडं आणि हमाली – २,५०० रुपये
- सांधे भरण्याचा माल आणि किरकोळ सामान – १,००० रुपये
- जुनी फरशी फोडणे आणि राडारोडा उचलणे – ३,२०० रुपये
- पाच दरवाजे खालून कापणे – १,५०० रुपये

बेरीज ५१,०४५ रुपये. यावर दहा टक्के हाताशी ठेवले तर ५६ हजारांच्या वर जातं. ४०० चौरस फुटांनी भागलं की चौरस फुटाला १४० रुपये पडतात. दुकानातला ५० रुपयांचा दर घरात बसेपर्यंत १४० होतो तो असा.

यातून एक गोष्ट निघते. फरशी ५० ऐवजी ६० रुपयांची घेतली तर एकूण खर्च सुमारे पाच हजारांनीच वाढतो. माल आणि मजुरी फरशी स्वस्त असो की महाग, तेवढीच लागते. त्यामुळे दहा रुपये वाचवण्यासाठी वाकडी, कमी-जास्त मापाची फरशी घेण्यात शहाणपण नाही. वाकड्या फरशीला मिस्त्रीचा वेळ जास्त जातो, सांधे मोठे राहतात आणि वाचलेले पैसे तिथंच जातात.

काळ्या रानातलं घर

केजच्या बाजूला बरीच जमीन काळी, चिकण आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. कपाशी-सोयाबीनला ती चांगली, घराखाली मात्र वाईट. पाया खोदताना निघालेली हीच माती जोत्यात भरली तर एक-दोन पावसाळ्यांत फरशी खचते, मधोमध पोकळ वाजते आणि सांध्यात भेगा दिसू लागतात. तेव्हा दोष फरशीला किंवा मिस्त्रीला दिला जातो. खरा दोष जोत्यातल्या भरावाचा असतो.

म्हणून नव्या घराच्या अंदाजात मुरमाचा भराव आणि कोबा या दोन ओळी वेगळ्या हव्यात. ४०० चौरस फुटांत दीड फूट भराव म्हणजे ६०० घनफूट, सहा ब्रास. पाणी मारून धुम्मस केल्यावर मुरूम बसतो, त्यामुळे सुटा मुरूम साडेसात ब्रासच्या आसपास लागतो. तो एकदम ओतू नये. सहा-सहा इंचांचे थर द्यावेत, प्रत्येक थराला पाणी मारून ठोकावा. त्यावर तीन इंचांचा कोबा. ४०० चौरस फुटांना तो बरोबर एक ब्रास भरतो. त्याला साधारण एक ब्रास खडी, अर्धा ब्रास वाळू आणि दहा पोती सिमेंट लागतं.

शक्य असेल तर भरावाला एक पावसाळा खाऊ द्यावा आणि मग फरशी बसवावी. पैसे जमवायला वेळ लागणार असेल तर हा काळ वाया जात नाही, घराच्या कामीच येतो.

घरकुलात फरशी कुठून बसवायची?

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपयांचं मूळ अनुदान टप्प्याटप्प्याने मिळतं. राज्य सरकारने २०२५ मध्ये त्यात ५० हजारांची भर घालण्याचा निर्णय घेतला, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर यंत्रणेसाठी आहेत. रोजगार हमीतून ९० दिवसांपर्यंतची मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार रुपये वेगळे मिळू शकतात. घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट.

आता वरचाच दर या घराला लावून पाहू. नव्या घरात जुनी फरशी फोडायची नसते, दरवाजे कापायचे नसतात. म्हणून १४० ऐवजी साधारण १२७ रुपये धरले, तरी २६९ चौरस फुटांना ३४ हजार रुपये होतात. १ लाख २० हजारांतला हा चौथाईहून मोठा वाटा आहे. घरकुलं फरशीविना का राहतात याचं उत्तर याच आकड्यात आहे.

यावर दोन व्यवहारी उपाय आहेत. पहिला वाळूचा. घरकुल लाभार्थ्याला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची तरतूद राज्याच्या वाळू धोरणात आहे. तिची चौकशी तहसील कार्यालयात आणि पंचायत समितीत करता येते. मिळालेली सगळी वाळू स्लॅब आणि प्लास्टरमध्येच उडते. त्यातली अर्धा-पाऊण ब्रास फरशीच्या नावाने कोपऱ्यात झाकून ठेवली तर तेवढी ओळ अंदाजातून वजा होते.

दुसरा उपाय टप्प्याचा. आधी कोबा करून त्यावर सिमेंटने घोटून गुळगुळीत पृष्ठभाग करून घ्यावा. त्यावर राहायला लागता येतं, झाडता-पुसता येतं. दोन-तीन वर्षांनी पैसे आले की त्याच कोब्यावर टाइल चिकटवण्याच्या रसायनाने फरशी बसवता येते. फक्त एक काळजी आधी घ्यावी लागते. दाराखाली पाऊण इंच मोकळा ठेवावा आणि कोबा लेव्हलमध्ये असावा. म्हणजे नंतर दारं कापावी लागत नाहीत आणि दोन इंचांचा मालही लागत नाही.

कोणत्या खोलीला काय?

सगळ्या घराला एकच फरशी हवी असा नियम नाही. पडवीत मोटारसायकल उभी राहते, सोयाबीनची पोती ओढली जातात, शेतातून चिखलाचे पाय येतात. तिथं चकचकीत फरशी वर्षभरात ओरखडते आणि पावसाळ्यात पाय घसरतो. तिथं शहाबादी किंवा कोटा बरी. शहाबादी फरशी शेजारच्या कर्नाटकातून, कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या भागातून येते आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. कोटा राजस्थानातून येतो. दोन्हींचा दर ऐकताना घासाई आणि पॉलिशचा खर्च विचारून घ्यावा, कारण तो वेगळा असतो.

हॉल आणि बेडरूमला व्हिट्रीफाइड टाइल चालते. देशातलं टाइलचं सर्वांत मोठं उत्पादन गुजरातमधल्या मोरबी भागात होतं. सिरॅमिक आणि व्हिट्रीफाइड या दोन्ही दिसायला सारख्या, पण सिरॅमिक जास्त पाणी शोषते आणि वरचा थर उडाला की आतला लालसर किंवा पांढरा रंग दिसतो. फरशीची पाठ ओली करून पाहिली तर फरक कळतो. सिरॅमिक पाणी ओढून घेते, व्हिट्रीफाइडवर ते बराच वेळ तसंच राहतं. पेटीवर भारतीय मानकाचा आयएस १५६२२ हा क्रमांक आहे का, तेही पाहावं. बाथरूम आणि मोरीला खरखरीतच फरशी घ्यावी. घरात म्हातारं माणूस असेल तर ही गोष्ट दरापेक्षा मोठी आहे.

लाकडी फ्लोअरिंगची हौस

पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली मुलं गावी घर बांधताना एका खोलीला तरी लाकडी फ्लोअरिंग करू म्हणतात. मोबाइलवर फोटो पाहून दर विचारला जातो. पण "वुडन" या एका शब्दाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली, खऱ्या लाकडाच्या फळ्या. या सगळ्यांत महाग. दुसरी, लॅमिनेट. म्हणजे दाबलेल्या भुश्याच्या पाट्यावर लाकडाचं चित्र आणि वर कडक थर. तिसरी, प्लास्टिकच्या जातीची व्हिनाइल पट्टी. चौथी, लाकडाच्या डिझाइनची टाइल, जिच्यात लाकूड अजिबात नसतं.

लॅमिनेटचा अंदाज करताना मोठी चूक होते ती ही की लोक त्याला फरशीच्या जागी धरतात. लॅमिनेट उघड्या मुरमावर किंवा खडबडीत जमिनीवर बसत नाही. त्याला खाली सपाट, कोरडी, पक्की जमीन लागते. म्हणजे कोबा किंवा जुनी फरशी असावीच लागते आणि लॅमिनेट त्याच्यावर चढतं.

१२० चौरस फुटांच्या बेडरूमचा हिशेब तसाच धरलेल्या दरांनी पाहू. कटाईसह १३० चौरस फूट पट्ट्या १०० रुपयांनी १३,०००. खालचा फोम १,०००. जमीन सपाट करून घेणं ३,०००. कडेची पट्टी ४१ फूट, ६० रुपयांनी २,४६०. दोन दारांशी लागणाऱ्या पट्ट्या १,०००. मजुरी १,८००. एकूण २२,२६० रुपये, म्हणजे चौरस फुटाला १८५ रुपये. यात गाडीभाडं आणि हाताशी ठेवायचे दहा टक्के अजून धरलेले नाहीत. बसवणारा कारागीर बाहेरगावाहून येणार असेल तर त्याचं येणं-जाणंही त्यात येतं.

हवेचाही विचार हवा. इथला उन्हाळा चाळिशीच्या पुढं जातो, पावसाळ्यात दमटपणा वाढतो. लाकूड आणि लॅमिनेट दोन्ही या फरकाने आकसतात, फुगतात. म्हणून भिंतीच्या कडेला आठ ते दहा मिलिमीटर जागा सोडावी लागते, ती कडेच्या पट्टीने झाकली जाते. ही जागा न सोडल्यास पावसाळ्यात पट्ट्या मधून वर उठतात. ज्या खोलीच्या भिंतीला ओल येते तिथं लॅमिनेट नकोच. वाळवीचा त्रास असेल तर बसवण्याआधी औषध फवारून घेण्याचा खर्चही धरावा. स्वयंपाकघर, मोरीजवळची खोली आणि जिथं रोज पाण्याने फरशी पुसली जाते ती जागा लॅमिनेटला योग्य नाही.

लाकडाचं रूपच हवं असेल आणि खिसा आखडता असेल तर लाकडी डिझाइनची टाइल हा मधला मार्ग आहे. पाणी, वाळवी, उन्हाळा यांची भीती नाही. पण चार फूट लांबीच्या पट्ट्यांना किंचित कमान असते, त्यामुळे लेव्हल काटेकोर लागते, मजुरीचा दर चौकोनी फरशीपेक्षा जास्त पडतो आणि कटाई दहा-बारा टक्के धरावी लागते.

जुनं माळवदाचं घर पाडणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक हिशेब करून पाहावा. माळवदाच्या तुळया, खांब, फळ्या पुष्कळदा सागवानी असतात आणि घाईत एकगठ्ठा विकल्या जातात. विकण्याआधी सॉ-मिलवाल्याला दाखवून चांगलं लाकूड किती निघेल हे विचारावं. एका खोलीच्या फळ्या निघाल्या नाहीत तरी नव्या घराचे दरवाजे किंवा चौकटी निघू शकतात. तो पैसा फरशीकडे वळवता येतो.

"प्लस जीएसटी" या दोन शब्दांची किंमत

फरशीवर १८ टक्के जीएसटी आहे. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दर विचारताना "कर धरून किती?" हे पहिल्या वाक्यातच विचारावं. ५० रुपये प्लस जीएसटी म्हणजे ५९ रुपये. ४९६ चौरस फुटांवर हा फरक ४,४६४ रुपयांचा होतो. दोन दुकानांचे दर ताडून पाहताना एकाचा कर धरून आणि दुसऱ्याचा कर सोडून असेल तर स्वस्त वाटणारं दुकान महाग निघतं.

बिल न घेता थोडे पैसे सोडून घेण्याची पद्धत आहे. पण फुटलेली पेटी बदलायची वेळ आली, छटा वेगळी निघाली तर बिलाशिवाय बोलायला जागा उरत नाही. बिलावर कंपनी, माप, लॉट नंबर आणि पेट्यांची संख्या असावी. उरलेल्या न फोडलेल्या पेट्या परत घेणार का, हेही त्यावरच लिहून घ्यावं.

छटेचा मुद्दा खोलीवार काम करणाऱ्यांसाठी महत्त्वाचा आहे. आज हॉल, पुढच्या वर्षी बेडरूम असा बेत असेल तर दोन मार्ग आहेत. एकतर सगळी फरशी एकाच लॉटची आजच घेऊन ठेवावी, नाहीतर प्रत्येक खोलीला मुद्दाम वेगळी फरशी निवडावी आणि मध्ये उंबरा घ्यावा. तीच फरशी वर्षभराने आणू असं म्हटलं की दोन छटांचं घर होतं.

वाहतुकीचंही असंच. साडेपंधरा चौरस फुटांची एक पेटी साधारण ३० किलोची असते. ३२ पेट्या म्हणजे जवळपास एक टन. गाडी घरापर्यंत जाते का, की गल्लीच्या तोंडावर उतरून हमाली द्यावी लागते, हे आधीच पाहावं. लातूरला दर दोन रुपयांनी कमी असेल तर ४९६ चौरस फुटांवर ९९२ रुपये वाचतात. गाडीभाडं त्याहून जास्त वाढणार असेल तर केजमधलं दुकानच बरं.

मिस्त्रीशी बोलताना

मजुरी चौरस फुटाने ठरली की हजेरीने, हे आधी स्पष्ट हवं. चौरस फुटाने ठरली तर माप कशाचं धरायचं? खोलीचं की लागलेल्या फरशीचं? स्कर्टिंग वेगळं की आत? उंबरे, पायऱ्या, ओट्याखालची जागा, मोरीचा उतार यांचे पैसे वेगळे का? जुनी फरशी कोण फोडणार? भांडणं याच चार-पाच गोष्टींवरून होतात. साध्या कागदावर दर लिहून दोघांनी सह्या केल्या तर पुढं बोलायचा प्रसंग येत नाही.

सगळी मजुरी आधी देऊ नये. काम सुरू होताना थोडी, निम्मं झाल्यावर थोडी आणि उरलेली सांधे भरून, प्रत्येक फरशी ठोकून पाहिल्यावर द्यावी. लाकडी दांड्याने हलकं ठोकलं आणि पोकळ आवाज आला तर ती फरशी तेव्हाच काढून पुन्हा बसवून घ्यावी.

पैसा कधी, काम कधी?

दिवाळीनंतरचा काळ या कामाला सोयीचा. ऊन कमी असतं, विहिरी-बोअरला पाणी असतं, सोयाबीनचे पैसे हातात आलेले असतात. एप्रिल-मेमध्ये माल लवकर वाळतो, भिजवायला जास्त पाणी लागतं आणि टंचाई असेल तर टँकरचा खर्च वाढतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना मात्र दिवाळीनंतरचा काळ मिळत नाही. ती तेव्हा कारखान्याच्या फडावर असतात आणि परत येतात ती उन्हाळ्याच्या तोंडाला. त्यांनी काम सकाळी लवकर आणि दुपारनंतर ठेवावं, बसवलेल्या फरशीवर ओली पोती टाकावीत. पुढच्या हंगामाच्या उचलीतून फरशी करण्याचा मोह टाळलेला बरा. फरशी एकदाच होते, उचल मात्र अख्ख्या हंगामाच्या कष्टाने फेडावी लागते.

व्याजाचं गणितही फरशीच्याच मापात मांडून पाहावं. खासगीत शेकडा तीन रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के. ५० हजारांवर महिन्याला १,५०० आणि वर्षाला १८ हजार रुपये नुसतं व्याज जातं. चौरस फुटाला १४० रुपयांनी १८ हजारांत १२८ चौरस फूट फरशी होते. म्हणजे एका वर्षाच्या व्याजात अख्ख्या बेडरूमची फरशी जाते आणि मुद्दल तसंच डोक्यावर राहतं. कर्ज काढावंच लागलं तर आधी बँक आणि बचत गट यांचे दर विचारावेत आणि घर अडणार नाही एवढीच रक्कम उचलावी. आधी हॉल, मग बाकीचं.

पायाचं काम निघतं तेव्हापासून घर फरशीला यायला बहुतेकांना दीड-दोन वर्षं लागतात. त्याच दिवशी बँकेत महिन्याला २,३०० रुपयांची आरडी सुरू केली तर दोन वर्षांत ५५,२०० रुपये मुद्दल जमतं, वर व्याज. वरच्या तीन खोल्यांची फरशी जवळजवळ तेवढ्यात होते. महिन्याचा हप्ता जमत नसेल त्यांनी दर सुगीला ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी. स्लॅबच्या वेळी पैसा कमी पडतोच आणि तेव्हा या खात्याकडे हात जातो. तो आवरणं हाच या सगळ्या हिशेबातला अवघड भाग आहे.

दुकानात जाताना खिशात एक चिठ्ठी असावी. खोल्यांची मापं, भिंतींची लांबी, दरवाजांची संख्या, जमीन किती वर-खाली आहे, किती पेट्या, किती पोती, किती ब्रास, मजुरीचा दर आणि शेवटी एक आकडा, ज्याच्या पुढं जायचं नाही. नमुना आवडला की दर दहा रुपयांनी वाढवायला घरातली माणसं तयार होतात. तेव्हा दहाला ४९६ ने गुणून त्याच चिठ्ठीवर लिहावं आणि मग ठरवावं.